आत्मचरित्रातला ‘मी’ कोणाच्या हातचा?

भाईंदर पश्चिमेच्या एका दोन खोल्यांच्या घरात सध्या दोन आत्मचरित्रे शेजारीशेजारी नांदत आहेत. एक ‘रोलिंग स्टोन्स’ या जगप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदातील कीथ रिचर्ड्स या गिटारवादक-गायकाचे, २०१० साली निघालेले ‘लाइफ’. ते महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाचे. दुसरे दादा कोंडके यांचे ‘एकटा जीव’. ते आजोबांचे. आजोबांची उमेदीची वर्षे परळच्या गिरणीत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचे जे झाले तेच त्यांच्या घराचेही झाले, आणि काही वर्षांनी चाळीतली खोली विकून हे कुटुंब खाडीकाठच्या या गावात आले. दोन्ही पुस्तकांत ‘मी’ बोलतो, आणि दोन्ही पुस्तकांवर त्या ‘मी’खेरीज दुसऱ्या व्यक्तीचे नावही आहे. रिचर्ड्सच्या पुस्तकावर जेम्स फॉक्स या पत्रकाराचे, दादांच्या पुस्तकावर शब्दांकन करणाऱ्या अनिता पाध्ये यांचे. नातवाला यात काही वावगे दिसत नाही. मोठ्या लोकांची पुस्तके अशीच लिहिली जातात, हे तो गृहीतच धरून चालतो. आजोबांचा प्रश्न मात्र साधा आणि अडचणीचा आहे: हे दादांनी लिहिलं असेल तर मग ह्या बाई कोण? आणि ह्या बाईंनी लिहिलं असेल तर ह्यात ‘मी’ ‘मी’ म्हणतो तो कोण?

हा प्रश्न एका घरातला नाही. २००२ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर वस्ती भरलेल्या मीरा-भाईंदरात लालबाग, परळ, नायगाव, शिवडी येथून उठून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मिठागरांच्या कडेने उभ्या राहिलेल्या इमारतींत त्यांनी आपल्याबरोबर भांडीकुंडी आणली, देव आणले आणि दादा कोंडक्यांची गाणीही आणली. गणपतीच्या मांडवात ती आजही लागतात. दादांना रॉक गायक म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु रॉक गायकाच्या भोवती जे घडते ते सारे त्यांच्या भोवती घडले होते. तरुण कष्टकऱ्यांची अलोट गर्दी, सभ्य समाजाची नाके मुरडणे, सेन्सॉरशी झगडे, आणि हा माणूस आपल्यातलाच आहे ही चाहत्यांची अढळ खात्री. गिरणगावाला लिव्हरपूलचा हेवा करण्याचे काही कारण नव्हते.

नायगावात जन्मलेला आणि चाळीत वाढलेला हा मुलगा आधी बँडपथकात वाजवीत होता. अपना बाजार या सहकारी भांडारात त्याने नोकरी केली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तो रंगमंचाला सरावला, आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने १९६० नंतरच्या दशकात त्याला महाराष्ट्रभर नेले. १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून तो पडद्यावर आला. १९७१ चा ‘सोंगाड्या’, १९७५ चा ‘पांडू हवालदार’ आणि त्यांच्या मागून आलेले चित्रपट यांनी मराठी चित्रपटगृहांच्या खिडक्यांवर काय केले, हे त्या रांगांत उभे राहिलेल्यांनाच विचारावे. पुढे दादा शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले. सेवा दलाच्या जुन्या मंडळींना ते रुचणे शक्यच नव्हते. तरीही त्यांतल्या कोणी ‘एकटा जीव’ हाती घेतले की तो प्रथम कलापथकाची पाने शोधतो. गिरणी कामगार गिरणगावाची पाने शोधतो. सेनेचा जुना कार्यकर्ता दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाची हकिगत शोधतो. प्रत्येकाला आपला दादा हवा असतो, आणि तो सापडला नाही की राग शब्दांकनकारावर निघतो.

हा राग एकाच जातीचा नाही. काहींना दादांच्या खासगी आयुष्यातल्या गोष्टी वाचवत नाहीत. ज्याने हसवले त्याचे एकटेपण पाहणे जड जाते, म्हणून ‘हे त्यांनी सांगितलंच नसेल’ असे म्हणून ते मोकळे होतात. काहींचा आक्षेप भाषेवर असतो. दादांचा विनोद शब्दात जेवढा होता त्याहून अधिक शब्दानंतरच्या थांबण्यात होता, भुवई वर नेण्यात होता. कागदावर तो थांबा उतरत नाही, आणि मग वाक्य ओळखीचे वाटूनही आवाज परका वाटतो. तिसरा एक सूर आहे आणि तो चाहत्यांचा नव्हे, चाहत्यांना हसणाऱ्यांचा आहे: ‘दादाला कुठे लिहिता येत होतं?’ आपल्या चित्रपटांतल्या अनेक गाण्यांचा गीतकार म्हणून ज्याचे नाव पडद्यावर येते त्याच्याबद्दल हे म्हटले जाते! लिहिणे म्हणजे शुद्धलेखन, आणि शुद्धलेखन म्हणजे विशिष्ट वस्तीतले लेखन, ही जी समजूत आहे तिचे हे पिल्लू आहे. त्याला फार उत्तर देण्याचे कारण नाही.

पहिल्या दोन आक्षेपांना मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण ते प्रेमापोटी आलेले आहेत. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हा प्रकार मराठीला नवा नाही. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथ उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने घातलेले आहे. तुकोबांची अभंगवाणी उतरवून ठेवण्याचे श्रेय वारकरी परंपरा चाकणच्या संताजी जगनाडे यांना देते. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्या तोंडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. ‘लीळाचरित्र’ त्यातून उभे राहिले. तेराव्या शतकातली ही चिकित्सा आजच्या कित्येक प्रकाशनसंस्थांना झेपणारी नाही. आणि अगदी अलीकडे, खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरोट्यावर सुचलेली त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्या दुसऱ्या एका तरुणाने कागदावर धरली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ती गाणी बहिणाबाईंची नाहीत असे म्हणायला आजवर कोणाची जीभ रेटलेली नाही. म्हणजे दुसऱ्याच्या हाताने लिहिले गेल्यामुळे आपलेपण नाहीसे होते, हे म्हणणे टिकत नाही. आपल्याकडे लेखनिकाला लपवण्याची चाल नव्हती, एवढाच याचा अर्थ.

आत्मकथनाच्या बाबतीत हंसा वाडकरांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ‘माणूस’मध्ये प्रसिद्ध होऊन १९७० साली पुस्तकरूपाने आलेले ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांनी अरुण साधू यांना सांगितले. १९५९ साली गाजलेल्या त्यांच्याच चित्रपटाचे नाव पुस्तकाला दिलेले होते, पण त्या नावात पुस्तकाचा सारा करारनामा आला आहे. ‘लिहित्ये वाचा’ असे ती बाई म्हणत नाही. ती सांगते आहे, कोणीतरी ऐकतो आहे, आणि ऐकणाऱ्याने ते तुमच्यापर्यंत आणले आहे. तमाशापटांच्या प्रेक्षकांना ज्या नटीचा केवळ चेहरा ठाऊक होता तिची फरफट, तिची चूक आणि तिची हिंमत त्यांच्यापुढे आली. वाचक हादरले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, हंसाबाई गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्या कथनावरून ‘भूमिका’ काढला, तेव्हा पडद्यावर स्मिता पाटील होती. म्हणजे एका बाईचे आयुष्य तिच्या तोंडून एका पत्रकाराच्या लेखणीत, तिथून एका दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यात आणि दुसऱ्या एका अभिनेत्रीच्या देहात गेले. प्रत्येक टप्प्यावर काही गळाले असेल, काही मिळालेही असेल. पण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस कोण, हे वाचकाला आणि प्रेक्षकाला सांगितलेले होते.

दादांच्या चाहत्यांना हे समजावून सांगण्यासाठी इतके लांब जाण्याचीही गरज नाही. ‘विच्छा’ कोणाचे? सबनीसांचे, यात वाद नाही, संहिता त्यांची. परंतु त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी पकडून, समोर बसलेल्या एखाद्या पुढाऱ्याला चिमटा काढून दादा रोज जी भर घालीत, ती कोणाची? ती कुठेही लिहिली गेली नाही, आणि तिच्यावाचून तो वग तसा चाललाही नसता. ज्या प्रेक्षकाने तो प्रयोग पाहिला त्याला दोघांच्या कर्तृत्वाची ही सरमिसळ कधी खटकली नाही. लेखक सबनीस आहेत हे त्याला ठाऊक होते आणि बोलतो आहे तो दादा, हेही दिसत होते. आत्मचरित्रात हीच वाटणी उलटी होते: गोष्ट दादांची, संहिता दुसऱ्याची. रंगमंचावर जे चालले ते पुस्तकात फसवणूक का ठरावे?

ते फसवणूक ठरते ते नाव दडवले जाते तेव्हा. ‘एकटा जीव’वर अनिता पाध्ये यांचे नाव उघडपणे आहे, ही त्या पुस्तकाची प्रामाणिक बाजू होय. पण बाजारात आता वेगळीच रीत रूढ होत आहे. नट, खेळाडू, उद्योगपती आणि विशेषेकरून पुढारी यांची ‘आत्मचरित्रे’ पैसे देऊन लिहवून घेतली जातात आणि लिहिणाऱ्याचे नाव करारानेच पुसले जाते. (ज्या पुढाऱ्याला विधानसभेतले भाषणही दुसऱ्याने लिहून द्यावे लागते त्याची लेखणी चारशे पानांच्या पुस्तकात अचानक पाझरू लागते, याचे नवल त्याच्या कार्यकर्त्यांनाही वाटत नाही.) हे लिहिणारे बहुधा तरुण पत्रकार, नोकरी गेलेले उपसंपादक, नाहीतर साहित्याच्या वेडाने शहरात आलेली मुले असतात. ठोक रकमेवर त्यांची बोळवण होते. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या तरी स्वामित्वधनात त्यांचा वाटा नसतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला हक्क विकून टाकल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार देते. कायदा जो अधिकार देतो तोच सोडून देण्याची अट करारात घातली जाते, आणि गरजू माणूस सही करतो. गिरणीत तागा विणणाऱ्याचे नाव कापडाच्या काठावर कधी नव्हते, मालकाचा छाप होता. पुस्तकांच्या धंद्याने तोच धडा गिरवला आहे.

दुसऱ्या बाजूने सांगणाऱ्यावरही अन्याय होऊ शकतो. त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले, मग त्यातले काय घेतले आणि काय सोडले? क्रम कोणी लावला? खपासाठी एखादे प्रकरण तिखट केले का? छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवले का? दादांचे १४ मार्च १९९८ रोजी निधन झाले. आज त्यांच्या पुस्तकाविषयी वाद निघाला तर खुलासा करायला ते नाहीत. पुस्तकात ज्यांचा उल्लेख येतो त्यांची अडचण तर याहून मोठी, कारण गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही आणि शब्दांकनकार म्हणणार, ‘मी फक्त लिहून घेतलं.’ १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले तेव्हा पु. लं.चे चाहते कमी दुखावले नव्हते. पण दुखावलेल्या वाचकाला आपण कोणाशी भांडतो आहोत हे तरी ठाऊक होते. कीथ रिचर्ड्सच्या पुस्तकात सहकारी मिक जॅगर याच्याविषयीचे खोचक उल्लेख वाचून चाहत्यांत दोन तट पडले, तेव्हा रिचर्ड्स हयात होता.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक कथित आत्मचरित्राच्या आरंभी दोन पाने द्यावीत: किती बैठका झाल्या, कोणत्या काळात झाल्या, ध्वनिमुद्रण आहे की नुसती टिपणे, मजकूर सांगणाऱ्याने स्वतः तपासला का, स्वामित्वधनाची वाटणी कशी ठरली. आणि ध्वनिमुद्रणे असतील तर ती प्रकाशकाच्या कपाटात कुजू न देता एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपवावीत. मग ज्याला दादांच्या वाक्यानंतरचा तो थांबा ऐकायचा आहे त्याला तो ऐकता येईल. प्रकाशक याला खर्चिक म्हणतील. मुखपृष्ठावरच्या रंगीत छायाचित्रालाही खर्च येतोच.

भाईंदरच्या त्या घरात वाद अजून मिटलेला नाही. मात्र आजोबांनी पुस्तक परत कपाटात ठेवलेले नाही. शिसपेन्सिल घेऊन ते त्याच्या समासात लिहीत बसतात: हे असे नव्हते, त्या दिवशी पाऊस होता, रांग चौकापर्यंत गेली होती, संपाच्या वर्षी हे गाणे प्रभातफेरीत म्हटले होते. चाहता हाही साक्षीदार असतो, ही गोष्ट आत्मचरित्रे लिहिणारे आणि लिहवून घेणारे दोघेही विसरतात. अक्षर थरथरते, समास अपुरा पडतो. म्हणून गेल्या आठवड्यापासून आजोबा सांगतात आणि नातू वहीत उतरवून घेतो. मधूनच तो एखादे वाक्य सुधारतो, आणि आजोबा त्याला ते पुन्हा पहिल्यासारखे लिहायला लावतात.