बदलीबरोबर जाणारा ताल

गणेशोत्सव जवळ आला की परप्रांतातील आमच्या मंडळांतून एक जुनाच वाद नव्याने रंगतो. ढोलकीवाला मिळत नाही, म्हणून संगणकातील आभासी ड्रमवर गाणी बसविली जातात. आणि लगेच पहिल्या रांगेतून शेरा येतो, ‘यंत्राच्या तालात जीव कुठला?’ वादक हजर असेल तेथे त्यालाच बसवावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हा शेरा मान्य नाही. निर्जीव यंत्र नव्हे. ते जसे आले तसेच वाजविणारे आम्ही निर्जीव आहोत!

१९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदता येतो. आम्ही सगळे ठोके एकाच आकड्यावर ठेवतो आणि ताल ठोकळेबाज झाला म्हणून कुरकुरतो. ‘हायड्रोजन’सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही हलक्या व जोरकस आघातांना निरनिराळी ध्वनिमुद्रणे लावता येतात, उघड्या हाय-हॅटची लांबलेली झणझण बंद हाय-हॅटच्या ठोक्यासरशी थांबविता येते, ठोके काटेकोर मात्रेपासून किंचित मागेपुढे सरकविता येतात. गायिकेची पट्टी काळी एकवरून काळी दोनवर गेली, तर ढोलकीचा नाद दोन अर्धस्वर चढविलाच पाहिजे. तबलजी हातोडी घेऊन बसला की आपण निमूटपणे थांबतो. मग येथेच एवढी घाई का?

दुसरा दोष याहून गंभीर आहे. कोणी रात्री जागून नाद जुळविलेच, तर ते जपून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने मंडळाच्या वृद्ध ढोलकीवाल्या काकांचे आघात एकेक करून मुद्रित केले, जोरानुसार लावले, आणि गाण्याची फाईल आमच्या स्वाधीन करून तो बदलीच्या गावी गेला. पुढच्या वर्षी फाईल उघडली. ठोक्यांच्या खुणा होत्या, नाद नव्हता. गाण्याच्या फाईलीत मुद्रणांचा केवळ पत्ता असतो. मुद्रणे त्याच्या लॅपटॉपवरच राहिली होती आणि तो लॅपटॉप विकला गेला होता. ‘ड्रमकिट’ वेगळे निर्यात केले असते तर मुद्रणेही सोबत आली असती. आज काका हयात नाहीत.

हा अपराध आमचा सर्वांचा आहे. सहपत्रे जोडल्यावाचून कागद पुढे न सरकविणारे आम्ही, मंडळाच्या कामात मात्र सहपत्रच विसरतो! प्रत्येक जुळवणी नव्या नावाने, पट्टी व तारीख घालून जपावी; जुनीवर लिहू नये; मुद्रणांसह तिची प्रत दोन ठिकाणी ठेवावी; आणि बदलीचा हुकूम येताच कार्यभाराबरोबर तीही सोपवावी. बदली माणसाची होते. तालाची होण्याचे कारण नाही.