दुसऱ्या अल्बमचे कर्ज



मागील पंधरवड्यात मुर्री येथील आमच्या घराच्या ओसरीवर माझ्याकडे एक कर्जप्रस्ताव आला. निवृत्त माणसाकडे असे प्रस्ताव सहसा येत नाहीत, म्हणून चष्मा पुसून ऐकू लागलो. अर्जदार दोघे : माझा नातू आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघांनीही विशी ओलांडलेली. रक्कम ४०,००० रुपये. कारण, दुसरा अल्बम.

ही जोडी हिप-हॉप करते. तालावर झपाट्याने यमकबद्ध शब्द म्हणण्याचा, ज्याला मुले रॅप म्हणतात, तो हा प्रकार. शब्द नातवाचे, ताल आणि संगीत, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बीट’, मित्राचे. बोली आपल्या गोंदियाचीच : मराठीत सुरू झालेले वाक्य हिंदीत संपते आणि मध्येच एखादा पोवारी शब्द डोकावतो. पहिल्या अल्बमची सहा गाणी त्यांनी राईस मिलच्या रिकाम्या गोदामात मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. आवाज घुमू नये म्हणून चहूबाजूंनी बारदान्याच्या थप्प्या रचल्या होत्या.

“मग आता चाळीस हजार कशाला, बाबू?” मी विचारले.

“आजोबा, पहिला बारदान्यात चालून गेला. दुसऱ्याला लोक सोडणार नाहीत.”

हे उत्तर बँकेच्या कोणत्याही अधिकाऱ्यास पटावे असे होते. प्रथम कर्ज देताना आपण माणूस पाहतो. मर्यादेचे नूतनीकरण करताना वर्षभराचा व्यवहार पाहतो. पहिल्या अल्बममध्ये कलावंत बालपणापासूनची सगळी पुंजी ओततो. दुसऱ्याच्या वेळी तिजोरी रिकामी असते आणि गिऱ्हाईक दारात उभे असते.

अभ्यास केल्याशिवाय कर्ज मंजूर करण्याची मला सवय नाही. मुलांनी ऐकायला दिलेल्या यादीत एका नावावर मी थबकलो : ‘पुण्य पाप’. मुंबईतील अंधेरीच्या ‘डिव्हाइन’ ऊर्फ विवियन फर्नांडिस याचा हा दुसरा अल्बम. २०१५ मध्ये कुर्ल्याच्या ‘नेझी’सोबत केलेल्या ‘मेरे गली में’ या गाण्याने हे दोघे घरोघरी पोहोचले आणि २०१९ मधील ‘गली बॉय’ या चित्रपटामागची प्रेरणाही हेच दोघे. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ २०१९ मध्ये आला, दुसरा २०२० च्या डिसेंबरात. वस्तीतील मुलाला नाव आणि पैसा मिळाल्यावर त्याने दुसऱ्या खेपेला हे शीर्षक निवडावे, याचे मला कौतुक वाटले. आपल्या नवतत्त्वांत ही दोन नावे शेजारी असली तरी एकाची जमा दुसऱ्याच्या नावे खात्यात वळती होत नाही, हे आपण प्रवचनांत ऐकतच आलो आहोत. गाण्यांचा गोंगाट मात्र मला झेपला नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

परंतु माझ्या अर्जदारांशी खरी तुलना झाली ती अमेरिकेतील अटलांटा शहराच्या ‘आउटकास्ट’ या जोडीची. आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन हे शाळासोबती. १९९४ च्या पहिल्या अल्बमचे संगीत त्यांना दुसऱ्या मंडळींनी बांधून दिले होते. त्या काळी या संगीताची पेढी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे. दक्षिणेकडच्यांना कोण विचारतो? १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात ही जोडी मंचावर आली तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. मुंबई-पुण्याच्या सभागृहात गोंदियाचा माणूस उभा राहिला की काय होते, हे आपणास ठाऊक आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम ‘एटीलियन्स’ आला. यातील अनेक गाण्यांचे संगीत त्यांनी स्वतः बांधले. म्हणजे पहिल्या यशानंतर त्यांनी यंत्रे हाताळणे शिकून घेतले. अमेरिकेच्या विक्री-यादीत हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे २००३ मध्ये तर त्यांनी एकाच नावाखाली दोन भागांचा अल्बम काढला, एक भाग याचा, दुसरा त्याचा. पेढी एक, वह्या दोन! त्याला ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला.

तेव्हा चांगला मायक्रोफोन आणि संगणक यांसाठी पैसे देण्यास माझी हरकत उरली नाही. अडचण निराळीच होती. पैसा माझा, नातू माझा. मित्राचे वडील मिलमध्ये हमाली करतात. आणि खरे सांगायचे तर दोघांत अधिक गुणी तो मित्रच आहे. आपल्या कायद्यात शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा; पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मी रक्कम केवळ नातवाच्या हाती ठेवली असती, तर उद्या निर्माता म्हणून त्याचेच नाव पुढे आले असते आणि मित्र हळूहळू पगारी माणूस झाला असता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आहे; तो वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. पण हे त्या मुलाला सांगणार कोण?

नोकरीत असताना दोन जिवलग भागीदारांच्या मिलला मी कर्ज मंजूर केले होते. भागीदारीची नोंदणी करा, असा आग्रह धरला नाही; माणसे चांगली होती. पुढे एकाचे निधन झाले आणि उरलेल्यांत जे झाले, त्यात मिलचे पत्रेही विकले गेले. १९३२ चा भागीदारी कायदा मला त्यापूर्वीही तोंडपाठ होता. कागद नसेल तर नफा समान, आणि भागीदार गेला की पेढी विसर्जित.

म्हणून अट घातली : आधी मुद्रांकावर भागीदारीपत्र, ध्वनिमुद्रणाची मालकी निम्मी-निम्मी आणि कर्ज दोघांच्या नावे. नातू थोडा हिरमुसला. मित्र काही बोलला नाही, पण जाताना त्याने माझ्याकडून पेन मागून घेतले.

मसुदा परवा आला. अक्षर मित्राचे आहे. सर्व कलमे भरली आहेत, एक सोडून : जोडी फुटली तर नाव कोणाकडे राहील? ती ओळ दोघांनी रिकामी ठेवली आहे. रक्कम माझ्या कपाटात पाकिटात आहे. ती दोघे सध्या गोदामात बसून वाद घालत आहेत, असे कळते.