ओझे वाहणारे पंख

दरवर्षी २७ ऑक्टोबर रोजी आपले सैन्य पायदळ दिन पाळते. १९४७ साली याच दिवशी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरच्या विमानतळावर उतरले आणि काश्मीरचे खोरे हातचे जाता जाता राहिले. त्या जवानांचे स्मरण होते हे योग्यच आहे. परंतु ते जवान श्रीनगरला पायी गेले नव्हते. दिल्लीहून त्यांना कोणीतरी उचलून तेथे पोचविले होते. पोचविणाऱ्यांत खासगी विमान कंपन्यांचे वैमानिक होते, आणि लष्करी विमाने होती ती हवाई दलाच्या बाराव्या स्क्वाड्रनची. या स्क्वाड्रनचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? आमचा हा प्रश्न कोणाला हिणविण्यासाठी नाही. तो आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला आणि उत्तर देताना आमचीच मान खाली गेली.

बाराव्या स्क्वाड्रनचा जन्म १ डिसेंबर १९४५ रोजी कोहाट येथे झाला. त्या वेळी तिच्याकडे स्पिटफायर ही चपळ लढाऊ विमाने होती. वर्षभरातच ती काढून घेण्यात आली आणि पानागढ येथे तिच्या हाती डाकोटा हे दोन इंजिनांचे भारवाहू विमान देण्यात आले. लढाऊ विमानाच्या कैफात वाढलेल्या तरुण वैमानिकाला ही बदली बढतीसारखी खचितच वाटली नसेल. पुढे फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली. डाकोटा विमानांची सहावी स्क्वाड्रन पाकिस्तानकडे गेली आणि स्वतंत्र भारताच्या पदरी बारावी स्क्वाड्रन तेवढी राहिली. कोणाला कल्पना होती की, अवघ्या अडीच महिन्यांत देशाची सारी भिस्त या एका स्क्वाड्रनवर येऊन पडेल?

२६ ऑक्टोबरला विलीनीकरणाच्या करारावर महाराजांची सही झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमाने निघाली. एकेका डाकोटात पंधरा-सतरा जवान आणि त्यांचे सामान एवढेच मावत असे. श्रीनगरची धावपट्टी कच्ची होती आणि इतक्या वाहतुकीची तेथे कसलीही सोय नव्हती. ती शत्रूच्या हाती पडली आहे की काय, हेदेखील दिल्लीला ठाऊक नव्हते. आधी घिरट्या घालून खात्री करून घ्यावी आणि शंका आल्यास जम्मूला उतरावे, असा हुकूम होता. विमाने उतरली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रणजित राय पहिल्याच चकमकीत धारातीर्थी पडले, पण विमानतळ वाचला. पुढच्या तीन आठवड्यांत दिल्ली-श्रीनगर मार्गावर विमानांच्या सातशेच्या आसपास फेऱ्या झाल्या. माणसे, दारूगोळा, अन्न, औषधे, सारे काही याच वाटेने गेले.

श्रीनगर वाचले तरी काम संपले नव्हते. पूंछ शहराला वेढा पडला होता. आतल्या शिबंदीबरोबर हजारो निर्वासित अडकले होते. डिसेंबर १९४७ मध्ये सैनिकांनी आणि नागरिकांनी मिळून तेथे धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तीवर पहिले डाकोटा उतरविले. मग सुरू झाली ती रोजची ये-जा. जाताना तोफा आणि धान्य, येताना जखमी आणि निराधार. १९४८ च्या नोव्हेंबरात वेढा उठेपर्यंत पूंछ जगले ते या आकाशमार्गावर. गरज पडली तेव्हा याच भारवाहू विमानांच्या दारातून वैमानिकांच्या सहकाऱ्यांनी हातांनी बाँब ढकलले. बाँबफेकी विमाने हाताशी नव्हती म्हणून भारवाह्यांनी तेही काम केले.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी लेहला विमान उतरविले. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवरची ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमांतून उभी केली होती. त्या मार्गावर यापूर्वी कोणी विमान नेले नव्हते. वाटेत वीस हजार फुटांपलीकडची शिखरे होती आणि डाकोटात अशा उंचीवरच्या प्रवासाची कसलीच सोय नव्हती. बरोबर बसले होते मेजर जनरल थिमय्या. त्या एका उड्डाणामुळे लेहला कुमक पोचविण्याचा रस्ता मोकळा झाला. लडाख आज भारताच्या नकाशावर आहे त्याचे पुष्कळसे श्रेय त्या कुमकेकडे आणि तिला वाहून नेणाऱ्यांकडे जाते.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकाला वाहतुकीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. आगोटीपूर्वी मचवे आणि गलबते बंदराला लागली नाहीत तर पावसाळ्याची बेगमी कशी व्हायची, हा घोर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या वाहिला आहे. लडाखचा हिवाळा म्हणजे तिथला पावसाळाच समजावा. बर्फाने खिंडी बुजल्या की उरते ती फक्त आकाशाची वाट, आणि त्या वाटेवरचे तांडेल म्हणजे हे वैमानिक.

डाकोटा गेले आणि पॅकेट आले. त्यानंतर रशियन बनावटीची ॲन्तोनोव्ह विमाने आली. १९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीच्या सोळा हजार फुटांहून उंच पठारावर पॅकेट उतरवून विक्रम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रणगाडे विमानात घालून चुशूलला पोचविण्यात आले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलवर छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्यानंतर पाचच दिवसांत डाक्का पडले. इतिहासाने दर वेळी उतरणाऱ्याचे नाव लिहिले. उतरविणाऱ्याचे नाव समासात राहिले.

या कामाची किंमतही मोठी आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले ॲन-१२ विमान खराब हवामानामुळे माघारी वळले आणि १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष सापडावयास २००३ साल उजाडले, आणि त्यातील चार जणांचे पार्थिव देह तर सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, बर्फातून हाती आले. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे जाणारे ॲन-३२ विमान २९ जणांना घेऊन बंगालच्या उपसागरात बुडाले. त्याचा ठाव सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी लागला तो जानेवारी २०२४ मध्ये. यांपैकी कोणतेही विमान लढाईत पाडले गेले नव्हते. नेहमीची फेरी होती. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही म्हणजे घरातल्यांची वाट पाहणे कसे असते, हे कोळीवाड्यांना ठाऊक आहे.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, या स्क्वाड्रनचा इतिहास केवळ गौरवाच्या भाषणांपुरता ठेवू नये. तो शाळेच्या पुस्तकात यावा, मराठीत लिहिला जावा. त्याहून महत्त्वाचे हे की, भारवाहू विमानांच्या बाबतीत सरकारने दिरंगाई करू नये. ॲन-३२ विमाने १९८४ पासून हवाई दलात आहेत. चाळीस वर्षे राबलेल्या विमानात तरुण मुलांना बसवून डोंगरदऱ्यांत धाडावयाचे तर त्याची डागडुजी आणि बदली वेळच्या वेळी झालीच पाहिजे. लढाऊ विमानांच्या खरेदीवर संसदेत रणे माजतात. भारवाहू विमानांची आठवण मात्र एखादे हरवल्यावरच होते. बडोद्याला सी-२९५ विमाने बांधणारा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण ती विमाने जुन्या ॲव्ह्रोंची जागा घेण्यासाठी आहेत. ॲन-३२ चा प्रश्न त्याने सुटत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात एक जुने डाकोटा दुरुस्त करून हवाई दलाच्या स्मृतिताफ्यात दाखल करण्यात आले. श्रीनगरला गेलेल्या एका विमानाचा क्रमांक त्याला दिला आहे आणि त्याचे नाव ठेवले आहे 'परशुराम'. ज्याने सागर हटवून आपल्याला भूमी दिली असे आपण मानतो, त्याचेच हे नाव. त्या विमानांनी नवी भूमी निर्माण केली नाही. होती ती जाऊ दिली नाही. पुढच्या २७ ऑक्टोबरला पायदळाला वंदन करताना, ज्यांच्या पाठीवर बसून ते पायदळ गेले त्यांच्यासाठीही आपले हात जोडले जावेत, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.