झाडे लावावयाची ती कोठे?

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचा उत्साह आपल्याकडे दरसाल उतू जातो. २०१६ साली राज्य सरकारने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. २०१९ साली हाच आकडा ३३ कोटींवर गेला. रोपे किती लावली हे सांगणारे पुष्कळ. ती कोठे लावली आणि तीच जागा का निवडली, हे विचारणारा विरळा. आमच्या मते खरे यशापयश याच प्रश्नात आहे.

तळेगाव दाभाड्यास हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. एके काळी पुण्यामुंबईचे लोक येथे हवापालटास येत. आज पूर्वेस चाकणचे कारखाने, गावाच्या शेजारी स्वतःची औद्योगिक वसाहत, आणि खालच्या अंगास पिंपरी-चिंचवड, जेथील वस्ती १९८१ साली सुमारे अडीच लाख होती, ती २०११ च्या शिरगणतीत सव्वासतरा लाखांवर गेली. अशा ठिकाणी नवे वन हा हौसेचा विषय नसून आरोग्याचा विषय होय.

परंतु जागा शोधावयाची वेळ आली की साऱ्यांची दृष्टी दूरच्या टेकडीकडे वळते. तेथे कोणाची हरकत नसते, आणि हजारो खड्डे एकदम मोजून दाखविता येतात. यात दोन चुका होतात. पहिली ही की, उघडी टेकडी म्हणजे ओसाड जागा नव्हे. मावळच्या पूर्वेकडील माळावर मुरमावर वीतभर माती असते. तेथे गवत हेच निसर्गाचे पीक, आणि त्यावर गुरे, मेंढ्या व माळावरचे पक्षी जगतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी करून काय साधले, हे तेथे हिंडणारांस ठाऊक आहे: हिरवेपणा दिसला, पण गवत व देशी झुडपे मागे हटली. ओढ्यांच्या घळींत जुन्या रानाचे अवशेष आहेत, तेथे वन अवश्य वाढवावे. माती व पाणी राखण्याचे ते काम आहे. दुसरी चूक ही की, झाडाचा गारवा फार दूर जात नाही. टेकडीवरील सावली तळेगाव-चाकण रस्त्यावर वैशाखात गाडीची वाट पाहणाऱ्या कामकऱ्याच्या डोक्यावर कशी पडणार?

कोनाइनेंडाइक या वनशास्त्रज्ञाने २०२१ साली शहरांकरिता एक सोपे माप सुचविले: प्रत्येक घरातून ३ झाडे दिसावी, प्रत्येक वस्तीचा शेकडा ३० भाग सावलीखाली असावा, आणि ३०० मीटरांच्या आत हिरवी बाग असावी. हे माप लावले तर झाडे कोठे हवीत हे आपोआप कळते. पत्र्याच्या खोल्यांची दाट वस्ती जेथे आहे, तेथे ती प्रथम हवीत; बंगल्यांच्या आळीचा क्रम मागाहून. वारज्याचे १६.८ हेक्टरांचे वन २०२० साली केंद्र सरकारने नगरवनांचा नमुना म्हणून पुढे केले. ते वस्तीला लागून आहे, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

गावात जागा महाग आहे, असे आमचे व्यापारी वाचक म्हणतील. खरे आहे. परंतु औद्योगिक वसाहतींतील मोकळ्या जागा, इंद्रायणीचा व पवनेचा काठ, शाळांची आवारे, बाजाराकडे जाणारे रस्ते, या जागा आजही आहेत. सर्वत्र दाट वनच हवे असेही नाही. वड, करंज, कडुनिंब व जांभूळ यांची एक रांगही रस्त्याचा ताप हरण करते. मात्र प्रत्येक जागेविषयी चार प्रश्न आधी विचारावे: चालत जाण्याच्या अंतरात कोण राहतो? माती किती खोल आहे? पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? आणि रस्ता रुंद करताना हीच जागा पुन्हा मागितली जाणार नाही ना? नगरपरिषदेने ही उत्तरे लेखी जाहीर केल्यावाचून एकही खड्डा खणू नये.

माणशी एक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून याच तळेगावी १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. ज्या गावाने थेंबाथेंबाचे बळ पाहिले आहे, त्याला आपल्या दारापुढील झाड तीन उन्हाळे जगविणे जड जाऊ नये.