सात दिवस पुरेत. पण नळीचे काय?

सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या 'सिव्हिल'मध्ये, धाराशिवपासून सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात. प्रोस्टेटचा विकार, पक्षाघात किंवा मणक्याची दुखापत झालेल्यांपैकी काहींना मोठ्या रुग्णालयातून लघवीची नळी घेऊनच गावी परतावे लागते. पुढे जंतुसंसर्गाने थंडीताप आला, की प्रतिजैविके किती दिवस द्यावीत, हा प्रश्न उभा राहतो. जंतू गोळ्यांना दाद देत नसल्यास रोज इंजेक्शनासाठी तालुका गाठावा लागतो आणि सोबत्याचीही मजुरी बुडते. खेड्यातील कुटुंबाला सात आणि चौदा यांतील अंतर कळते ते इथे.

चौदा दिवसांच्या जुन्या रिवाजाला आता फारसा आधार उरलेला नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ताप लवकर उतरल्यास सात दिवस, प्रतिसाद मंद असल्यास दहा ते चौदा दिवस, असे सांगितले होते. संसर्ग रक्तात पोहोचलेल्या ३,६०८ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यांतही सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांपेक्षा उणे ठरले नाहीत; आणि त्या रुग्णांत संसर्गाचे मूळ मूत्रमार्गात असणाऱ्यांचीच संख्या सर्वाधिक होती. अर्थात प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते.

तथापि, दिवसांच्या या हिशेबात नळीचाच विसर पडतो. नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर साचतो आणि औषध त्यात नीट शिरत नाही. म्हणूनच नळी दोन आठवड्यांहून जुनी असल्यास ती काढावी. गरज असेल तर नवी घालून तिच्यातूनच तपासणीचा नमुना घ्यावा, असे तीच मार्गदर्शिका सांगते. जुनी नळी तशीच ठेवून औषध मात्र अधिकाधिक महागडे देत जाणे, याला उपचार म्हणणे कठीण आहे. गढूळ लघवी पाहून ताप नसतानाही दिलेली औषधे तर बहुधा वायाच जातात. गर्भवती आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे रुग्ण हे त्याला मुख्य अपवाद.

काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन औषध दुकानदारांवर २०१४ पासून आहे. नळी कोणत्या तारखेला घातली, याची नोंद रुग्णाच्या कार्डावर करण्यास मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.