झेंडे बदलले, काटा तोच



आपण कापसाला पांढरे सोने म्हणतो. मध्य आशियातल्या उझबेकिस्तानातही कापसाला पांढरे सोनेच म्हणतात. आणि तिथेही ते सोने पिकवणाऱ्याच्या घरात कधी थांबले नाही. १९९१ साली सोव्हिएत युनियन मोडले तेव्हा आपल्याकडच्या विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली. कोणी म्हणाले समाजवाद हरला, कोणी म्हणाले अमेरिका जिंकली. या सगळ्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही. आम्ही तेच विचारणार आहोत. कोणी कितीही मोठी राजकीय सुधारणा केली तरी ती तपासायला आमच्याजवळ एकच माप आहे. काय पेरायचे आणि कोणाला विकायचे, हे शेतकऱ्याने ठरवायचे की दुसऱ्याने?

गोष्ट सुरू होते १८६१ साली, अमेरिकेत. तिथे यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला. इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगाव-अमरावतीच्या बाजारात भाव कडाडले आणि १८६५ साली लढाई संपताच आपटले. हे आपल्या खापरपणजोबांनी भोगलेले आहे. पण त्याच लढाईने रशियाच्या गिरण्याही रिकाम्या पडल्या होत्या. १८६५ सालीच झारच्या फौजेने ताश्कंद घेतले. ते एकट्या कापसासाठी घेतले असे आम्ही म्हणणार नाही, इंग्रजांशी सत्तेची चढाओढही होतीच. मात्र मुलूख हाती आल्यावर तिथे अमेरिकन बियाणे गेले आणि त्यामागून रेल्वे गेली.

तिकडे ज्वारीही होते. तिला जुगारा म्हणतात. रोजच्या खाण्याची ज्वारी आणि गहू मागे सरत गेले, कापूस पुढे आला. धान्य रशियातून गाडीने येईल, तुम्ही कापूस पिकवा, असा सौदा होता. मग १९१७ ची क्रांती झाली, यादवी झाली, रेल्वे तुटली. कापूस होता, पण दाणा आला नाही. माणसे भुकेने मेली.

एवढे पाहिल्यावर तरी क्रांतिकारकांनी शेतकऱ्याला मोकळे सोडायचे होते! झाले उलटेच. १९२९ पासून स्टालिनने जमिनी सामुदायिक शेतीत घातल्या. कापसात परदेशावर अवलंबून राहायचे नाही असे मॉस्कोत ठरले आणि त्या स्वावलंबनाची किंमत उझबेक शेतकऱ्याकडून वसूल झाली. किती एकर लावायचे, किती टन द्यायचे, भाव काय, सारे वरून. झारच्या राज्यात निदान व्यापारी तरी एकापेक्षा जास्त होते. आता घेणारा एकच उरला आणि पोलीसही त्याचाच.

आपल्याकडे शहाणे लोक सांगतात की कोरडवाहू शेतकरी गरीब आहे, कारण त्याच्या शेताला पाणी नाही. त्यांना उझबेकिस्तान दाखवा. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन मोठ्या नद्यांचे पाणी तिथे कापसावर सोडले. इतके सोडले की त्या नद्या ज्याला मिळत होत्या तो अरल समुद्रच आटला. १९६० साली त्याचा पसारा ६८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता, जगातले चौथे मोठे सरोवर. आज बहुतेक भागात वाळू आणि मीठ आहे. मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते, तिथे गंजलेली जहाजे कोरड्या वाळूत उभी आहेत. वाऱ्याबरोबर मिठाची आणि कीटकनाशकांची धूळ गावांवर येते. पाणी आले, समुद्र संपला, शेतकरी गरीबच राहिला.

आता कागदी कापसाची गोष्ट ऐका. ज्यांनी आपल्याकडच्या एकाधिकार खरेदीत ग्रेडरपुढे हात जोडले आहेत आणि चुकाऱ्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांना ती लगेच कळेल. शराफ रशीदोव्ह हे १९५९ पासून उझबेक पक्षाचे प्रमुख होते. मॉस्कोतून ब्रेझनेव्ह आकडा वाढवत जायचे आणि रशीदोव्ह होकार देत जायचे. मागणी साठ लाख टनांवर गेली. रानात तेवढा कापूस नव्हता. मग तो पावतीवर पिकू लागला. सामुदायिक शेतीचा अध्यक्ष खोटा आकडा लिही, जिनिंगवाला न आलेला कापूस आला म्हणून सही करी, वॅगन रिकामी जाई आणि रशियातल्या गिरणीतला साहेब पाकीट घेऊन माल पोचल्याचा कागद देई. सरकारी तिजोरीतून या नसलेल्या कापसाचे पैसे निघत आणि खालपासून वरपर्यंत वाटले जात. १९८३ साली रशीदोव्ह वारले आणि हळूहळू सारे बाहेर आले. १९८८ साली खुद्द ब्रेझनेव्हचे जावई चुर्बानोव्ह यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. नसलेल्या कापसावर माणसे श्रीमंत झाली. असलेला कापूस जिने वेचला ती बाई होती तिथेच राहिली.

हा घोटाळा गोर्बाचेव्ह यांच्या काळात चव्हाट्यावर आला. त्यांनी १९८५ नंतर वर्तमानपत्रांचे तोंड उघडले, अरलबद्दल उघड लिहिता येऊ लागले, १९८९ साली तर्मेझच्या पुलावरून अफगाणिस्तानातली फौज परत आणली. त्यांचे हे ऋण आम्ही नाकारत नाही. पण सुधारणा सुरू करायची कुठून? चीनमध्ये १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ कुटुंबांनी चोरून कागद केला, जमीन आपसात वाटून कसायला घेतली आणि पुढे राज्यकर्त्यांना त्यामागे जावे लागले. तिथे मालकी काही शेतकऱ्याची झाली नाही आणि बोलायची मोकळीक तर नाहीच. तरी पीक त्याच्या हाती आले. मॉस्कोत बोलायची मोकळीक आली, पण उझबेक शेतकऱ्याची टनांची सक्ती तशीच राहिली. पोटाला काही न देता नुसते तोंड मोकळे केले तर लोक त्या तोंडाने शिव्याच देणार, आणि त्यांनी दिल्या.

१९९१ साली उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. राज्य मात्र आदल्या दिवशीच्याच पक्षप्रमुखाकडे, इस्लाम करीमोव्हकडे राहिले, ते २०१६ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. सामुदायिक शेती मोडली, शेतकऱ्याच्या नावाने पट्टे झाले, पण जमीन सरकारची. सरकारने सांगितलेला कापूस द्यायचा, जगाच्या बाजारापेक्षा कमी भावात द्यायचा, आणि आकडा चुकला तर पट्टा जायचा. पूर्वी कापूस मॉस्कोला जात होता. आता डॉलर ताश्कंदच्या तिजोरीत जाऊ लागले. दर हंगामात शाळा ओस पडत. पोरे, मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे सक्तीने वेचणीला! मजुराला पुरेशी मजुरी द्यायची नाही, म्हणून वेठ. ज्यांनी याविरुद्ध आवाज उठवला त्यांतले काही तुरुंगात गेले. परदेशी कपडा कंपन्यांनी या कापसावर बहिष्कार घातला तेव्हा कुठे सरकार हलले.

२०२० साली नवे अध्यक्ष मिर्झियोयेव्ह यांनी कापसाची सरकारी सक्ती रद्द केली. सक्तीची वेचणी थांबली असे मान्य होऊन २०२२ साली बहिष्कारही उठला. पोरे शाळेत गेली, हे मोठे काम झाले आणि ते मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे. आपल्याकडची एकाधिकार खरेदीही १९७२ पासून सुमारे तीस वर्षे चालून मोडलीच की. त्या काळात आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणारा शेतकरी चोर ठरत होता, हे तरुण पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही.

पण ताश्कंदची बातमी इथे संपत नाही. सरकार बाजूला झाले तेव्हा जिल्हेच्या जिल्हे 'क्लस्टर' नावाच्या खाजगी कंपन्यांना नेमून दिले गेले. बियाणे, खत, उचल, जिनिंग, सूत सारे कंपनीचे. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यासमोर आपल्या भागातली एकच कंपनी असते आणि चुकारे रखडल्याच्या तक्रारी येतात. जमिनीचा पट्टा काढून घेण्याची दोरी अजून अधिकाऱ्याच्याच हातात आहे. कापूस भरून गाडी निघते ती आजही ठरवून दिलेल्या काट्यावरच जाते.