विश्लेषण : व्हिडिओ वाचकाचा, मग बातमीदाराचे काम काय? नांदेड-लातूरचा अनुभव काय सांगतो?

पत्ते, नांगर आणि रुग्णालय. गेल्या काही वर्षांत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून राज्यभर गेलेल्या या तीन बातम्यांना मोबाइलवरच्या व्हिडिओने वेग दिला. घटनास्थळी बातमीदाराच्या आधी कोणाचा तरी मोबाइल पोहोचतो. त्यामुळे बातमी लवकर कळते, यंत्रणाही लवकर हलते. मात्र व्हिडिओत जेवढे दिसले तेवढ्यावरच प्रकरण मिटण्याचा धोकाही वाढला आहे.

आधी बातमी कशी पोहोचत असे?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली, जवळपास दहा हजार माणसे दगावली. हानी किती मोठी आहे, हे बाहेर कळले ते अधिकारी आणि बातमीदार गावांत पोहोचल्यावरच. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरले, तेव्हा तिथली दृश्ये काही तासांत घरोघरी मोबाइलवर होती. वाचक आता बातमीचा पहिला साक्षीदार आणि अनेकदा पहिला प्रसारकही आहे.

लातूरच्या पत्त्यांचे पुढे काय झाले?

तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करत आमदार रोहित पवार यांनी २० जुलै २०२५ रोजी समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकला. कोकाटे यांनी आरोप फेटाळला. त्याच दिवशी लातूरमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार) प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते टाकून कोकाटेंच्या राजीनाम्याची मागणी केली. त्यानंतर झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ राज्यभर फिरला. दुसऱ्याच दिवशी पक्षाचे युवक प्रदेशाध्यक्ष सूरज चव्हाण यांना पद सोडावे लागले. महिनाअखेरीस कोकाटे यांचे कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले.

ऑगस्टमध्ये मात्र चव्हाण यांची पक्षाच्या प्रदेश सरचिटणीसपदी नियुक्ती झाली. मारहाणीचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांपैकी किती जणांपर्यंत ही दुसरी बातमी पोहोचली? व्हिडिओ संतापाच्या जोरावर पसरतो. संताप ओसरल्यानंतरचे टिपून ठेवायला दुसरे कोणीतरी लागते.

एका कुटुंबाला मदत, बाकीच्यांचे काय?

जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकरी दांपत्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. बैल परवडत नाहीत म्हणून म्हातारा स्वतः औताला जुंपून घेत होता, पत्नी मागे चालत होती. मदतीचा ओघ सुरू झाला. सहकारमंत्री आणि अहमदपूरचे आमदार बाबासाहेब पाटील यांनी त्यांचे सोसायटीचे कर्ज फेडले.

त्या घरासाठी ही मदत मोलाचीच होती. पण त्याच गटातल्या शेजारच्या शेतकऱ्याचे कर्ज तसेच राहिले, कारण त्याच्या बांधावर कोणी मोबाइल धरला नव्हता. बैलजोडी ठेवणे का परवडत नाही, ट्रॅक्टरचे भाडे काय, सोसायटीचे थकबाकीदार किती, हे प्रश्न अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत मावत नाहीत. ते विचारायला तलाठी, गटसचिव आणि आडत दुकान असे तीन उंबरे झिजवावे लागतात.

नांदेडमध्ये व्हिडिओने काय झाकले?

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात अर्भके होती. ४८ तासांत मृतांचा आकडा ३१ वर गेला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना रुग्णालयातील शौचालय साफ करायला लावले. तो व्हिडिओ पसरला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला आणि राज्यभरातल्या चर्चेचा मोठा भाग एका शौचालयापाशी अडकला.

४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तिथे विचारणा झाली ती औषधखरेदी, रिक्त पदे आणि आरोग्यावरील तरतुदीची. अर्भके ज्या कक्षात दगावली, तिथल्या खाटा आणि परिचारिकांचा हिशेब कॅमेऱ्यात दिसत नाही. तो कागदांत असतो.

चुकीचा व्हिडिओ किती महाग पडतो?

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार केले. हे सर्व भटक्या समाजातील होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आज अनेकदा पुढे आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला, की संदेश पाठवणारा बहुधा मूळ साक्षीदार नाही, एवढे नक्की समजावे.

आलेला व्हिडिओ तपासतात कसा?

पहिला प्रश्न एकच : हे तुम्ही स्वतः चित्रित केले का? नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल बहुतांशी तशीच पोहोचते. मग व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, बोलीचा लहेजा, त्या दिवशीचे हवामान जुळवून पाहिले जाते. एखादे दृश्य गुगल लेन्सवर टाकले, की जुना किंवा दुसऱ्या राज्यातला पूर पुष्कळदा उघडा पडतो. शेवटी त्याच जागेवरच्या दुसऱ्या माणसाला फोन करावाच लागतो.

वाचकाने कोणती काळजी घ्यावी?

अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. पीडित किंवा आरोपी बालकाची ओळख उघड करण्यावरही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. हे नियम वर्तमानपत्राइतकेच गावातल्या ग्रुपलाही लागू होतात. रुग्णाचा किंवा मृताचा चेहरा दाखवण्याआधी नातेवाइकांना विचारावे. रेशन दुकानदार, ठेकेदार किंवा स्थानिक पुढाऱ्याविरुद्धचा व्हिडिओ असेल, तर तो ग्रुपवर टाकण्याआधी बातमीदाराला द्यावा आणि नाव गुप्त ठेवण्यास सांगावे. गावात राहायचे पाठवणाऱ्यालाच असते.

मग बातमीदाराकडे काय उरते?

‘सर्वांत आधी’ हा मान वाचकाच्या मोबाइलने घेतला आहे आणि तो परत मिळणार नाही. त्यामागे धावणारी वृत्तपत्रे तोच व्हिडिओ तासाभराने, मोठा मथळा देऊन दाखवत राहतील. वाचकाला हवे आहे ते त्यापुढचे : नांदेडच्या त्या कक्षात नंतर खाटा वाढल्या का, अहमदपूरच्या इतर सभासदांच्या कर्जाचे काय झाले, ज्याचे पद गेले तो कुठे बसला आहे. व्हिडिओ पाठवणाऱ्या वाचकाने महिन्याभराने ‘पुढे काय झाले?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. वृत्तपत्राची पत यापुढे त्या उत्तरावर ठरेल.